जुन्या इंग्रजीतला 'कन्फाइनमेंट': सरसकट 'बाळंतपण' म्हणावं का?

अक्षरवेध
प्रसूतीसाठी 'कन्फाइनमेंट' आता इंग्रजीत फारसं कुणी म्हणत नाही, पण एकोणिसाव्या शतकातली पत्रं मराठीत आणताना तो शब्द हमखास भेटतो. कोशातला 'कैद' हा अर्थ उचलला की वाक्य पार बिघडतं. माझं मत, सरळ 'बाळंतपण' लिहावं. 'बाळंतपण माहेरी केलं' म्हणताना प्रसूतीही आली आणि नंतरची विश्रांतीही. इंग्रजी शब्दाचा आवाका तेवढाच आहे.

मोडीवाचक
सरसकट नको. 'कन्फाइन्ड ऑफ अ सन' असेल तर फक्त जन्म: 'तिला मुलगा झाला'. 'मे महिन्यात कन्फाइनमेंट अपेक्षित' असेल तर 'मेमध्ये तिचे दिवस भरतील'. खरी अडचण 'आफ्टर हर कन्फाइनमेंट'ची. प्रसूतीनंतर लगेच, की महिनाभराने अंथरूण सोडल्यावर? सुखवस्तू घरांत बाळंतीण साधारण महिनाभर खोलीतच असे, पडदे ओढलेले, प्यायला कॉडल, म्हणजे मद्य, मसाले, अंडं घातलेली ऊन पेज. पत्राची तारीख बाळाच्या जन्मतारखेशी ताडल्याशिवाय शब्द ठरवू नये.

पानोपानी
मग त्या महिन्याला 'सव्वा महिना' का म्हणू नये? वाचकाला क्षणात कळेल.

मोडीवाचक
कळेल, पण चुकीचं कळेल. सव्वा महिन्याबरोबर सोयर, शेक-शेगडी, धुरी सगळं येतं. तिकडे महिन्याच्या शेवटी चर्चिंग असे, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात तिचं नाव 'शुद्धीकरण' होतं; १५५२ मध्ये ते बदलून 'आभार' केलं. त्या चर्चने मुद्दाम काढलेली विटाळाची कल्पना अनुवादात परत घुसवायची? 'बाळंतिणीचा महिना' म्हणा.

सूतिका
शब्द अगदी मेलेला नाही. दवाखान्याच्या कागदांवर 'ईडीसी' दिसतं, म्हणजे 'एक्स्पेक्टेड डेट ऑफ कन्फाइनमेंट', प्रसूतीची अपेक्षित तारीख; त्यातला 'सी' हाच. ती अशी काढतात: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवायचे आणि ३ महिने मागे जायचं: १० मार्चची पाळी, तर १७ डिसेंबर. हे गणित २८ दिवसांच्या चक्राचं. चक्र ३५ दिवसांचं असेल तर आणखी ७ दिवस, २४ डिसेंबर. नेहमीची चूक म्हणजे चुकलेल्या पाळीपासून मोजणं. त्याने तारीख सुमारे ४ आठवडे पुढे जाते. इथे 'सी' म्हणजे निव्वळ प्रसूती, विश्रांती नाही. म्हणून अक्षरवेध यांचा 'आवाका तेवढाच' हा दावा मला पटत नाही.

अक्षरवेध
वैद्यकीय कागदापुरतं मान्य. पत्रांत मात्र 'बाळंतपण'च ठेवीन, फक्त 'कन्फाइन्ड ऑफ' वगळून.

पानोपानी
आणि 'डिलिव्हर्ड ऑफ अ सन'?

मोडीवाचक
त्याला 'मोकळी झाली, मुलगा झाला'. 'डिलिव्हर'चं मूळही सोडवण्यातच आहे. 'कन्फाइन्ड'ला मात्र 'मोकळी' लावू नका. तो शब्द नेमकं उलटं, खोलीत राहणं, सांगतो.