आईच्या मनगटातली टायटॅनियम प्लेट काढली, दोन स्क्रू जाम. हा गंज का?

सातारी_पेढा:
मंडळी, दोन वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं, टायटॅनियमची प्लेट बसवली. आता बोटं हलवताना शीर घासल्यासारखं दुखायचं म्हणून गेल्या आठवड्यात काढली. पाऊण तासाचं काम म्हणाले नि दोन तास लागले, कारण दोन स्क्रू फिरेनातच, एकाचं डोकं शेवटी ड्रिल करून उडवलं. डॉक्टरांनी सगळं लघवी तपासायच्या डबीत घालून हातात दिलं. घरी भिंगातून बघितलं तर प्लेटचा सोनेरी रंग कडेला उडालाय आणि स्क्रूच्या डोक्याखाली काळपट ओरखडे. आतलं मांसपण थोडं काळं दिसलं म्हणे, पण काळजी नको. अहो, गंजत नाही म्हणून तर स्टील सोडून हे घेतलं ना? की नुसताच रंग फासलेला? त्यात बाबांना पुढच्या महिन्यात दाढेचा इम्प्लांट करायचाय, तोही टायटॅनियमचाच.

फिटर_भोसरी:
दादा रंग फासलेला नसतो. अ‍ॅनोडायझिंगच्या (द्रावणात बुडवून वीज सोडायची, धातूवरचा ऑक्साइडचा थर जाड करायचा) बाथवर नऊ वर्षं उभा आहे म्हणून सांगतो, त्यात रंगाचा थेंब नसतो. पीस टायटॅनियमच्याच हुकला लावून बाथमध्ये सोडायचा आणि डीसी सप्लायचा नॉब फिरवायचा, २५-३० व्होल्टला निळा, ५५-६० ला सोनेरी, शंभरच्या आसपास हिरवा, सगळा खेळ काही सेकंदांचा. वरचा ऑक्साइडचा थर जेवढा जाड तसा प्रकाश वेगळा परततो, पावसात डबक्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतं ना, तेच. आणि आधी कोणाचं बोट लागलेलं असलं तर ठसा असा उमटतो की सुपरवायझर ओळखतो कोणाचं ते 😀 रंग मुख्यतः स्क्रूचे साइज ओळखायला, ऑपरेशनच्या वेळी घोळ नको म्हणून. ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन), अल्कलाइन क्लीनर यानेही उतरतो, रंग गेला म्हणजे गंजलं असं नाही.

गंजलेला_खिळा:
मेटलर्जीवाला आहे, थोडं पुढे. लोखंडाच्या गंजाचे पापुद्रे निघतात म्हणून खालचं लोखंड खातच जातं. टायटॅनियमचा ऑक्साइड उलट, धातूला घट्ट धरून बसतो, आपोआप तयार होणारा थर जेमतेम काही नॅनोमीटर (केस ७०-८० हजार नॅनोमीटर असतो), पण ओरखडा पडला तरी हवेत किंवा पाण्यात क्षणाच्या आत परत धरतो. रक्तातल्या मिठाला तो दाद देत नाही, स्टीलला तेच मीठ खड्डे पाडतं. खरी गोम आहे ती घासण्यात. स्क्रूचं डोकं आणि प्लेट यांच्या फटीत मनगटाच्या प्रत्येक हालचालीला बारीक घर्षण होतं, थर निघतो, परत येतो, परत निघतो, आणि त्या फटीत ऑक्सिजनही कमी पोचतो. त्यातून जी भुकटी सुटते तिने आजूबाजूचं मांस काळवंडतं. याला फ्रेटिंग म्हणतात, खुब्याच्या कृत्रिम सांध्यात जिथे दोन भाग एकमेकांत बसवतात तिथेही हीच डोकेदुखी.

फिटर_भोसरी:
आणि जाम झाला तो या गंजाने नाही. टायटॅनियमवर टायटॅनियम दाबून फिरवलं की चिकटतं, आम्ही 'पकडला' म्हणतो. लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाच आटे असतात, ते प्लेटच्या आट्यात बसतात, टॉर्क लिमिटर (ठरलेल्या पिळाच्या जोरापुढे आवळू न देणारं हत्यार) न लावता हाताने कचकचून आवळला की झालं. त्यासाठी वेगळं ग्रे अ‍ॅनोडाइज येतं, रंगबिंग नाही, राखाडी दिसतं, पण चिकटणं कमी होतं. सोनेरीवाल्याने ते काम होत नाही, थर फार पातळ.

दंतकथा:
दातांची डॉक्टर आहे, बाबांचं माझ्याकडे द्या. प्लेट उद्या काढायची असते म्हणून गुळगुळीत बरी, दाढेचा इम्प्लांट काढायचाच नसतो म्हणून आम्हाला खडबडीत हवा. वाळूसारखे कण मारतात, मग अ‍ॅसिडमध्ये खरवडतात, एखाद-दोन मायक्रॉनचे खड्डे पडतात आणि हाड त्यात हात घालून धरतं. हाड टायटॅनियमला चिकटून वाढतं हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना सशाच्या हाडावर काम करताना सापडलं, १९६५ साली पहिला पेशंट. तिथे दोन भाग घासायचा प्रश्न कमी, फक्त वरचा स्क्रू ठरलेल्या टॉर्कलाच आवळायचा. एक मात्र लक्षात ठेवा, टायटॅनियमला फ्लोराइड आणि आम्ल एकत्र आलं की थर विरघळायला लागतो. साध्या टूथपेस्टने काही होत नाही, पण क्लिनिकमध्ये लावतात ते आंबट फ्लोराइड जेल कोणी लावायला निघालं तर इम्प्लांट आहे असं आधी सांगा.

सातारी_पेढा:
आत्ता परत भिंग लावून बसलो. जे दोन अडकले ते सोनेरीच आहेत, राखाडी एकही नाही. डबी आईने घेतली, म्हणते भंगारात देऊ नकोस, माझ्या हाडातलं आहे ते.