मदत हवी आहे: या वयात आयटीआयला घेतात का?

केळीचं_खोड: नोकरीला वैतागलोय. वायरमनचं शिकून सोलरच्या कामात शिरायचंय. आयटीआयला या वयात घेतात का? राजीनामा लिहून खिशात ठेवलाय, सोमवारी देतो. माहीत असेल त्यांनीच लिहा, उगाच ज्ञान नको.

तापीकाठ: 'या वयात' म्हणजे कोणत्या? शिक्षण? गाव?

हरभऱ्याची_डाळ: सोलर ना? छतावर ३ किलोवॅट बसवा, केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान मिळतं. मी घेतलंय.

केळीचं_खोड: दादा, मला बसवून घ्यायचं नाही, बसवायला शिकायचंय. वय ४१, बीएस्सी, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर.

भुसावळ_यार्ड: आयटीआयला १४ वर्षं पूर्ण लागतात, वरची अट नाही. आमच्या बॅचला ३८ वर्षांचे एक जण होते. पोरं काका म्हणायची आणि प्रॅक्टिकलला त्यांच्याच मागे उभी राहायची. पण वायरमनला २ वर्षं, दिवसभर वर्ग. तोवर घर कोण चालवणार?

केळीचं_खोड: ते मी बघतो.

हरभऱ्याची_डाळ: त्यापेक्षा पीएमईजीपीतून, म्हणजे केंद्राच्या स्वयंरोजगार योजनेतून, कर्ज काढा. तिथेही वयाची वरची अट नाही. छोटी डाळमिल टाका.

वांगंभरीत: त्यांनी कर्ज विचारलंय कुठे?

हरभऱ्याची_डाळ: नाही विचारलं, पण सांगितलं तर बिघडलं काय?

तापीकाठ: खोडभाऊ, या कारखान्यात किती वर्षं झाली?

केळीचं_खोड: त्याचा काय संबंध? आधी पाइप कंपनीत ७ वर्षं, इथे ४ वर्षं १० महिने.

तापीकाठ: अरे देवा. तोच तर संबंध! सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, लागू होते. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, मग वर्षांनी गुणा. जवळजवळ तीन मूळ पगार सोमवारी वाऱ्यावर सोडणार?

भुसावळ_यार्ड: पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी मिळते. मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे.

तापीकाठ: निकाल आहे हो, पण शेठ तो वाचून बसलेला नसतो. कामगार कार्यालयात खेटे घालण्यापेक्षा दोन महिने हजेरी लावणं सोपं.

भुसावळ_यार्ड: हक्क आहे तर भांडावं. आमच्या रेल्वेत असं...

वांगंभरीत: रेल्वेत सगळंच वेगळं असतं, आमच्या खाजगीत या एकदा.

तापीकाठ: आणि पहिल्या कंपनीचा पीएफ काढला होता का? पीएफबरोबरच्या पेन्शनला १० वर्षं नोकरी लागते. ७ आणि ५ जोडली तर ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू. पेन्शनचा वाटाही काढून घेतला असेल तर ती ७ वर्षं गेली.

केळीचं_खोड: काढला नाही. यूएएन, म्हणजे पीएफचे नंबर, दोन आहेत, पहिला तसाच पडलाय.

तापीकाठ: मग जुनं खातं चालू यूएएनला ट्रान्सफर कर. नोकरीत आहेस तोवर एचआरवाला निदान फोन तरी उचलतो.

गिरणाथडी: भाऊ, बायकोले ईचारं का?

केळीचं_खोड: नाही अजून.

गिरणाथडी: मंग पयले तिले ईचार, मंग आम्हले.

हरभऱ्याची_डाळ: वांगंभरीत, तुम्ही असोद्याचे का? यंदा वांगी कशी आहेत?

वांगंभरीत: असोद्याचाच. थंडी पडू द्या, मग बोलू.

केळीचं_खोड: सोमवारी देत नाही, दोन महिने थांबतो. पण आयटीआयचे अर्ज कधी निघतात, हे कुणी सांगेल का?

भुसावळ_यार्ड: दहावीच्या निकालाच्या सुमारास, ऑनलाइन. दहावीची मार्कशीट सापडतेय का बघा आधी.

केळीचं_खोड: ती आईच्या पेटीत असेल. शोधतो.