मदत हवी आहे: रविवारच्या सभेत आमच्या कोचची बाजू कशी मांडू?

मळ्यातला_हाफ
रविवारी आमच्या फुटबॉल क्लबची सभा आहे आणि विषय एकच, कोच बदलायचा. आम्ही हरतोय हे खरं, पण दोष सरांचा नाही. समितीतले तिघे-चौघे आधीच ठरवून बसलेत. मला पाच मिनिटं बोलायला मिळतील. ठोस मुद्दे द्या, उदाहरणांसकट. ‘धीर धरा’ नको, ते मागच्या सभेत बोलून झालं, कुणी ऐकलं नाही. लवकर सांगा.

डिचोलीचा_गोली
कुठली स्पर्धा? किती सामने? गोल होत नाहीत की गोल खाताय? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस.

मळ्यातला_हाफ
तालुक्यातली आंतरगाव स्पर्धा. क्लबचं नाव नको, गावातले लोक इथे वाचतात. सहा सामने, पाच हार, एक बरोबरी. उदाहरणं द्या ना.

फातोर्डा_पूर्व_स्टँड
ब्राझीलच्या झिकोचं सांग. २०१४ ला तो इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा कोच होता. सुरुवात अडखळत झाली होती, तरी त्याला ठेवला. संघ उपांत्य फेरीत गेला आणि २०१५ ला फायनलमध्ये.

म्हापसेकर
आणि २०१६ ला त्याच झिकोबरोबर तक्त्यात तळाला, तेही सांगा. माझं मत उलट आहे. जानेवारी २०२० मध्ये एफसी गोवाने कोच लोबेराला काढलं, त्याच्या जागी क्लिफर्ड मिरांडा आला, जमशेदपूरला ५-० हरवून लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येण्याची ढाल, जिंकली. बदल केला म्हणून काही बुडालं नाही.

फातोर्डा_पूर्व_स्टँड
अहो, लोबेराला काढलं तेव्हा संघ वर होता! तो संघ, ते पासिंग, सगळं त्यानेच अडीच वर्षांत उभं केलं होतं. क्लिफर्डबद्दल आदर आहेच, आपलाच माणूस. पण हरणाऱ्या संघाचा कोच बदलायला हे उदाहरण चालणार नाही.

मळ्यातला_हाफ
तुम्ही दोघे नंतर भांडा. सभा रविवारी आहे.

धेंपो_जुना
बाबा, कोच आर्मांदो कुलासोंचं नाव घे. गोव्याच्या धेंपो क्लबला पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत. एकाच माणसाच्या हातात संघ राहिला म्हणून ते झालं. आमच्या काळी भात कापलं की मळ्यातच गोलपोस्ट उभे राहायचे, पोरं अनवाणी खेळायची. आता मळ्यांत भराव घालून घरं झाली. त्यावर कुणी सभा घेत नाही.

साखळीकर_९
कोच व्हायचं असेल तर महासंघाच्या डी लायसन्सपासून सुरुवात करावी लागते. मग सी, बी, ए. गोव्यातही कोर्स होतात.

डिचोलीचा_गोली
ते विचारलेलं नाही. हाफ, गोल कसे खाल्ले ते सांग.

मळ्यातला_हाफ
बहुतेक कॉर्नरवर, शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत. दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, नाहीत ना.

डिचोलीचा_गोली
नाहीत म्हणजे?

मळ्यातला_हाफ
एक बोटीवर नोकरीला गेला, दुसऱ्याचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लिहिलं नाही. सरांनी सोळा वर्षांच्या डाव्या बॅकला आत घेतलंय. परवा कॉर्नर आला तेव्हा त्याने समोरच्याचा शर्ट धरून ठेवला होता, उडी मारायला जागाच उरली नाही, समोरच्या उंच खेळाडूने डोक्याने बॉल सरळ आत घातला. आमच्या त्या डाव्या बॅकला सर रोज सरावानंतर थांबवून बॉल फेकून देतात, उडीची वेळ शिकवतात. हे समितीला दिसत नाही. दोन नवे स्टॉपर नोंदवा म्हणून सरांनी सांगितलं होतं, समितीने पैसे नाहीत म्हटलं.

डिचोलीचा_गोली
मग तुझा मुद्दा हाच आहे! झिको-लोबेरा बाजूला ठेव.

आकडे_बोलतात
बाहेरचं एकच उदाहरण घे. इंग्लंडचा आर्सेनल क्लब २०२१-२२ मध्ये पहिले तीन सामने हरला, एकही गोल नाही, तक्त्यात शेवटी. कोच आर्टेटाला ठेवलं, संघ पाचवा आला, पुढच्या वर्षी दुसरा. आणि बास तेर वील या अर्थतज्ज्ञांनी नेदरलँड्सच्या लीगमधले १९८६ ते २००४ चे हंगाम तपासले होते. कोच बदलल्यावर निकाल सुधारतात, पण तशाच घसरणीत कोच न बदललेल्या संघांचेही तसेच सुधारतात. वाईट काळ बहुतेकदा आपोआप सरतो, श्रेय नवा कोच घेतो.

म्हापसेकर
ते व्यावसायिक क्लब. गावात पोरांचा कोचवर विश्वास उरला नसेल तर आकडे काय करणार? खेळाडूंना विचारलंस का?

मळ्यातला_हाफ
मी स्वतः खेळतो. पोरं सरांच्या बाजूने आहेत, पण समितीसमोर बोलायला घाबरतात.

डिचोलीचा_गोली
मग कॅप्टनला बरोबर घे, त्याने दोन वाक्यं बोलली तरी पुरे. एका कागदावर प्रत्येक गोल लिही: कितव्या मिनिटाला, कॉर्नर की चालू खेळात, स्टॉपर कोण होता. पूर्ण हंगाम मागू नकोस, पुढचे तीन सामने माग, आणि एक स्टॉपर. पैसे नसतील तर गावातला जुना खेळाडू चालेल, उंच असला म्हणजे झालं.

मळ्यातला_हाफ
हे पटलं. सामन्यांची वही सेक्रेटरीकडे आहे आणि तो विरोधातलाच, तरी आज संध्याकाळी जाऊन मागतो. नाही दिली तर पोरांच्या मोबाइलवर व्हिडिओ आहेत, त्यातून मिनिटं काढतो. म्हापसेकर, तुम्ही समितीत असता तर काय विचारलं असतं ते लिहा, त्याचीही तयारी करतो.