आबांसाठी दुधाऐवजी काय? (सोसायटी ग्रुप)

मंगळवार

बी-४०२: नमस्कार मंडळी. आमच्या आबांची (माझे सासरे, वय ७२) तीन महिन्यांची शुगर ७.२ वरून ७.९ वर गेली. दुधातही साखर असते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि सोमवारपासून दूध पूर्ण बंद केलंय. काळा चहा पितात, रात्रीचा कप सोडला, दह्यालाही हात लावत नाहीत. मी काल ओट्सचं दूध आणलं, पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'नो अ‍ॅडेड शुगर' आहे. पण चव घेतली तर चांगलं गोड लागतंय. कुणाच्या घरी कमी साखरेचं दुसरं दूध वापरतात का? कोणतं, आणि चहाला चालतं का, तेही सांगा.

ए-१०१: बदामाचं घे गं. आमची सून तेच आणते. साखर नाहीच त्यात.

बी-६०३: कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळतं की बदाम दूध, बाटलीतलं. थंडगार छान लागतं.

ए-१०१: ते नव्हे हो भाऊ. ते आपलं साधं दूध, साखर आणि केशर घातलेलं. मी पाकिटातल्याबद्दल म्हणतेय.

बी-६०३: पण साखर घातली नाही असं लिहूनही गोड लागतंय म्हणजे ही फसवणूकच. वहिनी, दुकानात परत करा.

सी-७०१: फसवणूक नाही, पण समजून घ्यायला हवं. (नव्या मंडळींसाठी: मी आहारतज्ज्ञ आहे.) ओट्समध्ये भरपूर स्टार्च असतो. ते नुसते पाण्यात वाटले तर खळीसारखं चिकट होतं. म्हणून पाकिटातलं ओट्सचं दूध करताना त्यात बहुतेक वेळा एन्झाइम घालतात. ते स्टार्च तोडतं आणि त्यातून माल्टोज नावाची साखर तयार होते. वरून कुणी चमचाभरही घातली नाही, साखर आतच तयार झाली. मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व साखरेशिवायही किंचित गोड लागतं ना, तसंच हे. वहिनी, पाकिटाच्या मागच्या तक्त्यात १०० मि.ली.ला काय लिहिलंय ते टाका.

बी-४०२: एकूण साखर ४.१ ग्रॅम. अ‍ॅडेड शुगर ०. प्रथिनं १ ग्रॅम.

सी-७०१: बघा. गाईच्या दुधात १०० मि.ली.ला साधारण ४.५ ते ५ ग्रॅम साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. म्हणजे साखरेच्या हिशेबात तुम्ही जवळजवळ दूधच विकत आणलं. प्रथिनं मात्र दुधात ३ ग्रॅमच्या वर असतात, इथे एकच. शिवाय लॅक्टोजने रक्तातली साखर सावकाश वाढते, माल्टोजने भराभर. आबांसाठी हे दुधापेक्षा बरं नाहीच.

सी-७०१: एक लक्षात ठेवा. 'नो अ‍ॅडेड शुगर' आणि 'लो शुगर' हे वेगवेगळे दावे आहेत. आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे पातळ पदार्थावर 'लो शुगर' लिहायचं तर १०० मि.ली.त साखर २.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि 'शुगर फ्री' लिहायचं तर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. त्यामुळे पुढचं चित्र बघू नका, मागचा तक्ता बघा, आणि त्यात 'एकूण साखर' ही ओळ.

डी-२०४: ताई, मग साय काढलेलं दूध? किंवा म्हशीचं बंद करून गाईचं?

सी-७०१: काका, साय काढली की फॅट जातं, साखर तेवढीच राहते. टोन्ड, डबल टोन्ड, गाय, म्हैस, लॅक्टोज सगळ्यांत थोड्याफार फरकाने सारखंच.

ए-३०२: आमच्या चिरंजीवांना दूध पचत नाही म्हणून आम्ही लॅक्टोज-फ्री आणतो. ते चालेल ना आबांना? त्यात लॅक्टोजच नाही.

सी-७०१: पोटासाठी उत्तम आहे, शुगरसाठी उपयोग नाही. त्यातलं लॅक्टोज आधीच तोडून त्याचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं. एकूण साखर तीच. उलट जिभेला जास्त गोड लागते, तुमच्या मुलाला विचारा.

ए-३०२: हो, तो म्हणतो साखर नको घालूस! आज कारण कळलं.

ए-१०१: आणि माझं बदामाचं?

सी-७०१: काकू, साखरेच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, फक्त 'अनस्वीटन्ड' लिहिलेलं हवं. पण घटकांची यादी वाचा. पहिलं पाणी, मग बदाम ३ टक्के, ५ टक्के असं काहीतरी. ३ टक्के धरले तर २०० मि.ली.च्या पेल्यात ६ ग्रॅम, म्हणजे पाचेक बदाम. प्रथिनं पेल्याला जेमतेम १ ग्रॅम. ७२ वर्षांच्या माणसाचे स्नायू आधीच उतरत असतात. त्यांचं दूध काढून हे दिलं तर साखर कमी होईल, पण पोषणही जाईल. रात्री भिजवलेले पाच बदाम सकाळी चावून खाल्लेले परवडले.

ए-१०१: सूनबाईला दाखवते हा मेसेज.

डी-५०१: रामराम. आमच्याकडं चार वर्षांपासून सोयाबीनचं दूध घरीच होतंय. मी लातूरचा. आमच्या भागात सोयाबीनचे ढीग लागतात, पण सगळं तेलाला आन पेंडीला जातं, घरात कुणी खात न्हाई. माझ्या आईला शुगर निघाली तवा सुरू केलं.

सी-७०१: दादा, बरं झालं लिहिलंत. बिनसाखरेचं सोया हाच दुधाला सगळ्यांत जवळचा पर्याय. प्रथिनं जवळपास दुधाएवढी, साखर बहुतेक वेळा १ ग्रॅमच्या आत. फक्त व्हॅनिला-चॉकलेटवालं पाकीट घेऊ नका, त्यात साखर घातलेली असते.

बी-४०२: दादा, कृती द्या ना. पण त्याला वास येतो म्हणतात.

डी-५०१: वास येतो कच्चं भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यात वाटल्यामुळं. असं करा. १०० ग्रॅम सोयाबीन रात्री भिजवा, ८-१० तास. ते पाणी फेकून द्या, त्यानं गॅस बी कमी होतो. चोळून सालं काढा, निघतील तेवढी. मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका. हे चुकवायचं न्हाई, वास इथंच मरतो. ते पाणी बी फेकून द्या आन दुसऱ्या गरम पाण्यातच बारीक वाटा. सगळं मिळून पाऊण ते एक लिटर पाणी. पातळ फडक्यातून पिळून घ्या. आन मग बारीक गॅसवर १५-२० मिनिटं उकळा, ढवळत राहा. ते दुधासारखं लगेच फसफसून वर येतं, तवा वाटतं झालं, पण झालेलं नसतं. फेस खाली बसवून पुढं उकळत राहायचं. म्हणून पातेलं मोठं घ्या.

सी-७०१: उकळण्याबद्दल दादांनी सांगितलं ते अक्षरशः पाळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते नीट उकळल्यावरच निकामी होतात.

डी-५०१: फ्रीजमध्ये तीन दिवस. चोथा टाकू नका, ज्वारीच्या पिठात घालून थालीपीठ लावा. कांदा, कोथिंबीर, तीळ. माझी पोरं दुधापेक्षा त्याचीच वाट बघतात.

बी-६०३: मिसेसना थायरॉइडची गोळी आहे. सोया चालेल का?

सी-७०१: चालेल, पण गोळीसोबत नाही. सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. मध्ये चारेक तास जाऊ द्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

ए-२०५: माझी मुलगी दीड वर्षाची आहे, तिलाही हेच सुरू करू का?

सी-७०१: नाही गं. एवढ्या लहान मुलांचं दूध बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बदलायचं नाही.

बुधवार

बी-४०२: सोयाबीन भिजलंय. पण धीर धरवला नाही, म्हणून सकाळी पाकिटातलं बिनसाखरेचं सोया आणून चहात उकळलं. चहा फाटला. आबा काही बोलले नाहीत, कप बाजूला ठेवला आणि पेपर वाचत बसले. मलाच कसंतरी झालं.

डी-५०१: वहिनी, चहा आन सोया एकत्र उकळायचं न्हाई. कोरा चहा पूर्ण करून गॅस बंद करा. एक मिनिट थांबा. सोया वेगळं कोमट करा आन सगळ्यात शेवटी ओता. पाकीट आधी चांगलं हलवा.

सी-७०१: वहिनी, कालपासून एक विचारायचं राहिलं. आबा मधुमेहाची कोणती गोळी घेतात? किती वर्षं? आणि घरात अंडी-मासे खातात का?

बी-४०२: मेटफॉर्मिन, नऊ वर्षं झाली असतील. आम्ही पूर्ण शाकाहारी.

सी-७०१: पायांना मुंग्या येतात का त्यांना?

बी-४०२: हो! रात्री तळपाय बधिर होतात म्हणतात. ते शुगरमुळेच असं आम्ही धरून चाललो होतो.

सी-७०१: शुगरमुळे असू शकतं. पण व्हिटॅमिन बी-१२ची तपासणी लगेच करून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसाला ते मिळण्याची मुख्य वाट म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. सोया, बदाम, ओट्स यांत ते नसतंच, वरून घातलं असेल तरच, आणि घरच्या सोयात तर कुणी घालत नाही. कॅल्शियमही, वरून घातलं नसेल तर, यांत दुधापेक्षा कमीच असतं. म्हणून सोमवारपासून आबांनी दूध-दही सगळंच सोडलंय याची मला साखरेपेक्षा जास्त काळजी वाटते.

बी-४०२: बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सी-७०१: घाबरू नका, तपासणी साधी आहे. तोवर आणखी एक करा. दूध सोडण्याआधी आबांच्या एका कपात दूध किती आणि साखर किती पडायची, ते मोजा. अंदाज नको, मापाने.

बी-४०२: मोजलं. दूध ६० मि.ली. साखर दोन चमचे. दिवसाला तीन कप.

डी-२०४: चार. रोज सकाळी फिरून आल्यावर एक आमच्याकडे असतो. आमच्या घरी साखरही जरा सढळच पडते. सूनबाई, मला खरंच माहीत नव्हतं त्याची शुगर एवढी वाढलीय. तो बोलला नाही कधी.

सी-७०१: काका, सांगितलंत हे फार चांगलं केलं. आता हिशेब बघा. चार कपांत दूध २४० मि.ली., म्हणजे लॅक्टोज ११-१२ ग्रॅम. साखर आठ चमचे, चमचा ४-५ ग्रॅमचा धरला तर ३२ ते ४० ग्रॅम. चहासोबत काय असतं?

बी-४०२: टोस्ट. दोन-दोन.

सी-७०१: मग दुधाच्या आधी त्या आठ चमच्यांकडे आणि टोस्टकडे वळू या. एकदम बंद करू नका, दर चार दिवसांनी अर्धा चमचा कमी. आणि जेवताना वाटीभर पातळ ताक द्या, बिनसाखरेचं, जिरेपूड घालून. विरजण लागताना दुधातली थोडी साखर जंतूच खातात, आणि पाणी घालून घुसळलं की पेल्यामागे आणखी कमी होते.

डी-२०४: उद्यापासून आमच्याकडे त्याचा आणि माझा, दोघांचा चहा बिनसाखरेचा. मलाही बॉर्डरवर म्हणालेत डॉक्टर.

शुक्रवार, पुढच्या आठवड्यातला

बी-४०२: मंडळी, कळवायचं राहिलं होतं. आबांचं बी-१२ १५६ निघालं, खूपच कमी. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि दूध बंद करायची गरज नाही म्हणाले. आता असं ठरलंय: सकाळचे दोन चहा दुधाचे, साखर एक चमच्यावर आणलीय, पुढेही कमी करतोय. काकांकडचा बिनसाखरेचा. दुपारचा कप सोयाचा, दादांनी सांगितलं तसा शेवटी ओतून, आता फाटत नाही. जेवताना ताक. रात्री घरच्या सोयात हळद आणि वेलची घालून देते. पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं होतं त्यांनी. काल स्वतःच विचारलं, आज ते पिवळं नाही का?

ए-१०१: आणि ओट्सचं पाकीट काय केलंस?

बी-४०२: नातवंडांच्या लापशीत घालून संपवलं, वरची साखर वगळून.

सी-७०१: खूप बरं वाटलं वाचून. तीन महिन्यांनी पुन्हा शुगर तपासाल तेव्हा मला नक्की सांगा. तोवर घरच्या मशीनवर आठवड्यातून दोनदा, नाश्त्यानंतर दोन तासांनी, आणि वहीत लिहा.

बी-४०२: वही आबांनीच घातलीय. समास आखून.

ए-३०२: डी-५०१ दादा, एकदा करून दाखवाल का? आमच्या विंगमधल्या चार-पाच जणींना बघायचंय.

डी-५०१: करू की. रविवारी सकाळी नऊला खाली हॉलमध्ये, तिथं शेगडी आहे. अर्धा किलो सोयाबीन मी शनिवारी रात्री भिजत घालतो. कुणीतरी मिक्सर आणा.

बी-४०२: मिक्सर मी आणते. आबा म्हणतायत तेही येणार आहेत.

डी-५०१: आबांना खुर्ची ठेवतो. सगळ्यात मोठं पातेलं कुणाकडं हाय?

डी-२०४: आमच्याकडे. लग्नातलं आहे, माळ्यावरून काढून ठेवतो.