मदत हवी आहे: करडई तोंडावर आली, पैसा उधारीत (लाकडी घाणा, औसा तालुका)

नमस्कार मंडळी. दसऱ्याला गावात लाकडी घाणा टाकला. बैल नाही, मोटरवर फिरतो. कर्ज पीएमएफएमई योजनेतून (लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना). 35 टक्के अनुदान मंजूर आहे, पण ते तीन वर्षं कर्जखात्याला बांधलेलं. हे मला मशीन दारात उतरल्यावर कळलं. (चूक माझीच, कागद न वाचता सह्या केल्या.)

तेल चांगलं निघतंय. शंभर किलो करडईला पंचवीस किलोच्या आसपास. तीन दिवस टाकीत निवळू देतो, मग बाटल्या भरतो. पेंडीला तर दुभती जनावरं असलेले लोक रिकामं पोतं घेऊनच येतात, रोख देतात. तेल मात्र सगळं उधारीवर. किराणावाले म्हणतात, "पुढच्या बाजारी बघू." एका दुकानाची वहीत दोन पानं भरली. त्याच्या फळीवर माझ्या बाटल्या टिकत नाहीत, म्हणजे माल खपतोय ना!

उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) आहे. अशा उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा सीएने दाखवला. पण ज्याच्या पोराच्या लग्नात मी पंगत वाढली, त्याच्यावर तक्रार कशी करू?

खरी अडचण पुढंच आहे. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, वर्षाची पोती तेव्हाच भरून ठेवावी लागतात. बँकेने पैसे दिले ते मशीनला. खेळतं भांडवल मागितलं तर म्हणे वर्षाचा ताळेबंद आणा. धंद्याला चार महिने झालेत, ताळेबंद कुठून आणू?

कुणी यातून वाट काढली असेल तर सांगा.

प्रतिसाद (परभणी, डाळमिल)

उधारीचं सोपं आहे: मागचं चुकतं केल्याशिवाय नवी पेटी उतरवायची नाही. माझी दोन दुकानं तुटली, बाकीची सरळ झाली.

करडईसाठी बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा. व्यापाऱ्याचा माल घेत नाहीत, पण शेतकरी आपल्या नावावर गोदामात ठेवू शकतो. किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल, 6 टक्के व्याज, सहा महिने मुदत. ओळखीच्या पाच-सहा जणांना ठेवायला लावा, व्याज तुम्ही सोसा आणि एकेकाचा माल सोडवत जा. तुमची समिती योजना राबवते का, ते आधी विचारून घ्या.

धागाकर्ता

दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्याच समितीत जातो. पण मधेच भाव चढला तर शेतकरी मलाच माल देईल कशावरून? तुम्ही लिहून घेता का तोंडीच?