फोकल लेंथ बदलली की चेहरा का बदलतो?

प्रश्न
माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला कॅमेरा आणि 18-55 मिमीची लेन्स आहे. आजीचा फोटो 18 वर काढला, तेव्हा तिचे नाक आणि त्यातली चमकी चेहऱ्याच्या मानाने फार मोठी दिसली. दोन पावले मागे सरून 55 वर काढला, तर आजी नेहमीसारखी दिसली. शाळेत शिकलेल्या नाभीय अंतराचा चेहऱ्याच्या ठेवणीशी काय संबंध? शिवाय माझ्या कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स 75 ची होते, असे दुकानदार म्हणाले. ते कसे?

प्रतिसाद 1
लेन्स 75 ची होत नाही. फोकल लेंथ म्हणजे शाळेतलेच नाभीय अंतर. ते भिंगांच्या घडणीत ठरते आणि कॅमेरा बदलल्याने बदलत नाही. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिमीचा असतो आणि त्यावर 50 मिमीची लेन्स सुमारे 40 अंशांचा आडवा दृश्यकोन देते. तुमचा सेन्सर साधारण 24 मिमी रुंद असल्याने त्याच प्रतिमेचा मधला भाग तेवढा टिपला जातो आणि दृश्यकोन 27 अंशांवर येतो, जो फुल फ्रेमवर 75 मिमीने मिळाला असता.

प्रतिसाद 2
चेहऱ्याबाबत मात्र दोष लेन्सला देऊ नये, कारण तुम्ही मागे सरलात हेच खरे कारण आहे. समजा, नाक लेन्सपासून 40 सेंमीवर आणि कान 52 वर होते. मग कानाच्या मानाने नाक 30 टक्के मोठे उमटणारच. तुम्ही 120 सेंमीवर गेलात की हाच फरक 10 टक्क्यांवर येतो. 18 वर चौकट भरण्यासाठी आपण नकळत जवळ जातो, एवढाच फोकल लेंथचा त्यात हात. खात्री करायची असेल, तर एकाच जागेवरून दोन्ही फोटो काढा आणि 18 च्या फोटोतला मधला तुकडा कापून पाहा.

प्रश्नकर्ता
आज सकाळी कॅमेरा तिपाईवर ठेवून अंगणातल्या तुळशी वृंदावनाचे फोटो काढले. वृंदावन आणि त्यामागचे दार यांचे प्रमाण दोन्ही फोटोंत तंतोतंत जुळले. कापलेल्या तुकड्यात 24 मेगापिक्सेलपैकी जेमतेम अडीच उरल्याने पानांच्या कडा मात्र विरल्या. आता आजीला पुन्हा बसवतो, 55 वर आणि लांबून.