मदत हवी आहे: चालताना बाबांची नाडी ९५ च्या वर जातच नाही. चालणं बंद करायचं का?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही नीट सुचवता येणार नाही.

बाबा ७१ वर्षांचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ३४ वर्षं टर्नर होते. आता पाचपाखाडीत राहतात आणि निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतात. बीपी आहे, साखर नाही. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधडायला लागलं तेव्हा बीपीच्या गोळीच्या जोडीला मेटोप्रोलोल सुरू झाली, ५० ची, रोज एक. टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) तेव्हा ठीक होता.

दिवाळीला मीच त्यांना नाडी दाखवणारं घड्याळ दिलं आणि तिथून हे सुरू झालं. त्यात वय भरलं की ते २२० मधून वय वजा करतं. बाबांचे आले १४९. त्याच्या ७० टक्के, म्हणजे १०४ च्या पुढे नाडी गेली तरच घड्याळ त्याला ‘कार्डिओ’ म्हणतं. बाबांची नाडी बसून ५६-५८ आणि भरभर चालताना ९० ते ९५. दोन महिने झाले तरी १०४ काही येईना. जन्मभर मायक्रोमीटर हातात धरलेला माणूस, माप बसलं नाही की त्यांना चैन पडत नाही. आधी चालण्याचा वेग वाढवला. मग आईला न सांगता जिना, चार मजले, दोनदा.

गेल्या मंगळवारी पाच फेऱ्या झपाझप मारल्या आणि घड्याळ बघायला जागच्या जागी थांबले. डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा हाताशी होता म्हणून पडले नाहीत. मागून येणाऱ्या एका काकांनी धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं. पाच मिनिटांत बरं वाटलं म्हणून घरी येऊन बोललेही नाहीत. ते काका दुसऱ्या दिवशी भाजी घेताना आईला भेटले, तेव्हा आम्हाला कळलं.

आईने चालणं बंद केलंय. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि दर थोड्या वेळाने शर्टाची बाही वर करून घड्याळ बघतात. परवा मला म्हणाले, “माझं हृदय वर चढायचं विसरलंय बहुतेक.” मला काही बोलताच आलं नाही.

येत्या गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. नाडी वर न जाणं हे हृदय कमजोर झाल्याचं लक्षण आहे का? की वयाचं? की गोळीचं? गोळी सुरू केली तेव्हा चालण्याबद्दल आम्हाला कोणी एक शब्द सांगितला नव्हता. आणि थांबल्यावरच चक्कर का, चालताना का नाही? डॉक्टरांना नेमकं काय काय विचारू, तेही सुचवा. कोणाच्या घरी असं झालं असेल तर कृपया लिहा.

कोपरीचा फिजिओ:
ताई, सगळ्यात आधी एक. ही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. एकदम सोडली तर नाडी आणि बीपी उसळतात, छातीत दुखण्यापर्यंत जाऊ शकतं. आणि गुरुवारच्या आधी छातीवर दाब आला, शुद्ध हरपली, बसल्या जागी धाप लागली किंवा नाडी वेडीवाकडी लागली, तर वेळेची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीला न्या.

आता आकड्याबद्दल. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोके सुरू करणारी एक गाठ असते. तिच्यावर दोन लगाम असतात. व्हेगस नावाची नस ब्रेकसारखी, ती वेग खाली धरते. दुसरी बाजू सिंपथेटिक नसांची आणि अ‍ॅड्रिनलिनची, ती वेग वाढवते. चालायला लागलं की आधी ब्रेक सुटतो, म्हणून पहिल्या मिनिटातच नाडी चढते. त्यापुढची चढण अ‍ॅड्रिनलिनच्या जोरावर. वय वाढलं की त्या गाठीतल्या पेशी कमी होतात आणि हृदय अ‍ॅड्रिनलिनला पूर्वीइतकी दाद देत नाही, त्यामुळे नाडीची वरची मर्यादा दर वर्षी थोडी थोडी खाली येते. हे व्यायाम करणाऱ्यांचंही होतं. व्यायामाने ती मर्यादा वाढत नाही. व्यायामाने एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडायला लागतं, बसल्या वेळची नाडी थोडी उतरते आणि थांबल्यावर ब्रेक लवकर लागतो.

मेटोप्रोलोल नेमकी त्या अ‍ॅड्रिनलिनच्याच वाटेवर उभी असते. तिचं कामच नाडी चढू न देणं. म्हणजे बाबांचे ९५ हे बऱ्याच अंशी गोळीचे दिसतात, आणि हेच गुरुवारी विचारून पक्कं करून घ्या. २२० वजा वय हे सूत्र गोळी न घेणाऱ्यांसाठीसुद्धा ढोबळच आहे. २००१ मध्ये २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सूत्र मांडलं गेलं, त्याने बाबांचे १५८ येतात. एकाच माणसाचे दोन आकडे, आणि मेटोप्रोलोलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्याला दोन्ही लागू नाहीत.

अशा पेशंटना मी बोलण्याची कसोटी देतो. चालता चालता अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे, पण भजन म्हणता येऊ नये. भजन म्हणता आलं तर थोडा वेग वाढवा. दोन शब्दांवर दम लागला तर कमी करा.

पाचपाखाडीची लेक:
वाचताना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. चक्कर थांबल्यावरच का आली, तेवढं सांगाल का? आई त्यालाच घाबरली आहे.

कोपरीचा फिजिओ:
चालताना पोटऱ्या प्रत्येक पावलाला आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. पायातल्या रक्तवाहिन्या तेव्हा सैल झालेल्या असतात. एकदम थांबलं की पोटऱ्यांचा पंप बंद, रक्त पायातच साठतं आणि बीपी घसरतो. तरुण माणसाच्या मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब जाणणाऱ्या नसा ते लगेच ओळखतात आणि नाडी वाढवून सावरतात. वयाने रक्तवाहिन्या कडक होतात, तसं हे सावरणं मंदावतं. त्यात गोळी नाडी वाढू देत नाही, बीपीची दुसरी गोळी आहेच. शिवाय ठाण्याच्या दमट हवेत घाम जातो आणि बरेच जण सकाळी पाणी न पिता निघतात.

म्हणून सुरुवातीची ५ ते १० मिनिटं हळू आणि शेवटची ५ ते १० मिनिटंही हळू. घड्याळ बघायचं तर चालत चालत. गुरुवारी आडवं झोपवून बीपी घ्यायला सांगा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण बघतील. मात्र प्रत्येक अंधारीचं कारण हेच असेल असं मी इथे बसून म्हणणार नाही, म्हणून ईसीजी हवाच.

उपवनची सून:
आईंना माझा निरोप द्या, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर चालणं बंद ठेवू नका. माझे सासरे पायाच्या फ्रॅक्चरने दीड महिना पलंगावर होते. उठले तेव्हा खोलीतून मोरीपर्यंत जाताना नाडी १२० व्हायची. आम्ही घाबरून त्यांना आणखी झोपवून ठेवलं, ती आमची चूक झाली. नंतर डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेले नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर त्या तीन आठवड्यांनी त्यांची दमाची ताकद जितकी खाली आणली होती, तितकी मधल्या तीस वर्षांच्या वयानेही आणली नव्हती. मग पन्नाशीत त्यांनी सहा महिने बेताचा व्यायाम केला आणि वयाने गेलेलं बरंचसं परत मिळवलं. आमच्या सासऱ्यांना गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालण्यापासून सुरुवात करायला लावली. आता उपवन तलावाची फेरी एकटे मारून येतात.

पाचपाखाडीची लेक:
गुरुवारी जाऊन आलो. ईसीजी ठीक. झोपून बीपी १३६/८०, उभं राहून एका मिनिटाने ११४/७४. म्हणजे २२ ने उतरला. बीपीच्या दुसऱ्या गोळीची वेळ बदलली, मेटोप्रोलोल तशीच ठेवली. ट्रेडमिल टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, तीही गोळी घेऊनच, कारण रोजच्या आयुष्यात बाबा गोळीवरच चालणार आहेत. तोवर सपाटीवर हळू चालायला परवानगी, जिना नाही. निघण्याआधी पेलाभर पाणी.

घड्याळातली ‘कार्डिओ’ची सूचना मी बंद केली. बाबांनी मात्र ते काढून ठेवलेलं नाही, फक्त त्याच्यावर विसंबत नाहीत. दोन बोटं मनगटावर ठेवून १५ सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. त्यांच्या बोटांची कातडी इतकी जाड की पहिले दोन दिवस ठोका लागेचना, मग अंगठ्याच्या मुळाखाली नेमकी जागा सापडली. कारखान्यातल्या जुन्या वहीत रेघा मारल्या आहेत: तारीख, उठल्यावरची नाडी, शेवटच्या हळू फेरीच्या आधीची, त्यानंतर एका मिनिटाने. आजची ओळ ५८, ९०, ७९. आई सोबत जाते आणि चालताना त्यांना बोलतं ठेवते.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गोळी चालू असताना या वहीत फरक दिसायला साधारण किती आठवडे लागतात? आणि पावसाळ्यात तलावाकाठची फरशी निसरडी होते, तेव्हा पाचपाखाडी-नौपाड्याच्या आसपास सपाट, छप्पर असलेली चालायची जागा कोणाला माहीत आहे का?